खाटेपाशी उभं राहून वाच

सांगली

चि. रेवती,


दादाचा काल फोन आला होता. अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीच्या धसक्याने तू धड जेवत नाहीस, रात्री दोन-दोनपर्यंत जागतेस आणि सकाळी काही आठवत नाही म्हणून रडतेस, असं म्हणाला. मी तुला धीर द्यावा अशी त्याची इच्छा. पण नुसत्या धीराने पेपर सुटत नाही. माझी निम्मी नोकरी वॉर्डात गेली आणि निम्मी नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात. त्यातून जे कळलं ते लिहिते.

पहिल्या सेमिस्टरला बहुतेक मुली याच विषयाला घाबरतात, कारण त्यांना तो नावांचा ढीग वाटतो. 206 हाडं, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या, स्नायू, ग्रंथी, सगळं इंग्रजीत आणि अर्धं लॅटिनमध्ये. मग रट्टा सुरू होतो. रट्ट्याने पाठ झालेलं चार दिवसांत उडून जातं, आणि त्यात मुलीचा काही दोष नसतो. ज्या नावाला काहीच काम नाही ते डोक्यात टिकणार कशाला? म्हणून प्रत्येक पान वाचताना स्वतःला एकच प्रश्न विचार : पेशंटच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या नर्सला याचं काय? तुमच्या विषयाच्या नावातच ‘अप्लाइड’ आहे. या प्रश्नाचं उत्तर सापडलं की नाव आपोआप राहतं.

उदाहरणं देते. श्वासनलिका खाली दुभंगते आणि तिची उजवी शाखा डावीपेक्षा रुंद, आखूड आणि जास्त उभी असते. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं आहे. पण खेळता खेळता शेंगदाणा श्वासात ओढलेलं पोर कॅज्युअल्टीत येतं, तेव्हा तो दाणा बहुधा उजवीकडेच गेलेला असतो. कमरेच्या इंजेक्शनला वरचा-बाहेरचा भाग का निवडायचा? कारण सायटिक नर्व्ह खालच्या-आतल्या बाजूने जाते आणि तिला इजा झाली तर पेशंटचा पाय लुळा पडू शकतो. तान्ह्या बाळाला मांडीच्या बाहेरच्या बाजूलाच का टोचायचं? कारण त्याच्या कुल्ल्याचे स्नायू अजून भरलेले नसतात. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर, पुरुषाची 18 ते 20. म्हणून बायकांना लघवीचा जंतुसंसर्ग जास्त होतो, आणि म्हणून कॅथेटर घालताना स्वच्छतेत कसूर चालत नाही. बाळाची पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. जुलाब लागलेल्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली, तर त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे तुला बोटांनीच कळेल. बघ, पाठ करावं असं यात काय उरलं?

आता फिजिओलॉजी. इथे मुली आणखी एक घोळ घालतात. हृदयाचा धडा एका आठवड्यात, किडनीचा दुसऱ्या, हॉर्मोन्सचा तिसऱ्या, आणि तिन्हींची एकमेकांशी ओळखच करून देत नाहीत. शरीर मात्र धड्यांप्रमाणे चालत नाही. समज, पोटाचं ऑपरेशन होऊन एक पेशंट वॉर्डात आलाय. आतून हळूहळू रक्त जातंय, पण ड्रेसिंग कोरडं आहे. बीपी 118/76, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पल्स मात्र 84 वरून 104 वर आणि मग 120 वर गेलीय. का?

हृदय दर ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला 70 ठोके धर, म्हणजे जवळपास 5 लिटर. शरीरातलं रक्त कमी झालं की हृदयात परत येणारं रक्त घटतं आणि एका ठोक्याला 50 मिलिलिटरच बाहेर पडतं. तेच 5 लिटर पुरवायला आता 100 ठोके लागतात. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले आणि महाधमनीच्या कमानीतले बॅरोरिसेप्टर दाब कमी होत असल्याची खबर मेंदूच्या मेड्युलाला देतात. तिथून सिंपथेटिक नसा कामाला लागतात. पल्स वाढते, कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार आणि घामट लागतात. पिट्युटरीतून एडीएच येतं, अ‍ॅड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन येतं, किडनी पाणी आणि मीठ धरून ठेवते, आणि लघवीच्या पिशवीत तासाला 30 मिलिलिटरसुद्धा जमत नाही. या सगळ्या धडपडीमुळे बीपी काही वेळ तग धरून राहतं. ते पडतं तेव्हा शरीराचे उपाय संपलेले असतात. बीपी पडायची वाट बघणारी नर्स उशिरा पोचते. पल्स, गार हात आणि रिकामी पिशवी एकत्र वाचणारी नर्स डॉक्टरला वेळेवर बोलावते.

मोजून बघ, एका खाटेपाशी पाच धडे झाले : हृदय, रक्तवाहिन्या, मज्जासंस्था, हॉर्मोन्स, किडनी. अशाच आणखी तीन गोष्टी स्वतः रचून लिही. दम्याचा अ‍ॅटॅक आलेली मुलगी, साखर एकदम उतरलेला मधुमेही, दिवसभर उन्हात राबून चक्कर आलेला मजूर. कोणत्या अवयवाने काय केलं आणि का केलं, हे क्रमाने मांड. निम्मं फिजिओलॉजी त्यातच होईल.

किडनीचा धडा तुला कठीण जातो असं दादाने मुद्दाम सांगितलं. दिवाळीच्या आवराआवरीत आई माळा कसा साफ करते ते आठव. नको ते शोधत बसत नाही. सगळंच खाली काढते, हवं ते परत वर ठेवते आणि उरलेलं टाकून देते. किडनीही तसंच करते. मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ 180 लिटर पाणी ग्लोमेरुलसमधून गाळून बाहेर काढते आणि त्यातलं 99 टक्के नळ्यांमधून परत घेते. लघवी होते ती साधारण दीड लिटर. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की नेफ्रॉनच्या कोणत्या भागात काय परत घेतलं जातं, एवढंच लक्षात ठेवायचं उरतं.

आता रोजच्या अभ्यासाचं. हायलायटर बाजूला ठेव. पिवळं केलेलं पान ओळखीचं वाटतं आणि आपल्याला ते येतं असा भास होतो. धडा वाचून झाला की पुस्तक मिट आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिही, आकृतीसह. मग पुस्तक उघडून चुकलेलं, राहिलेलं लाल पेनने भर. दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने फक्त ते लाल बघ. हृदयाचा छेद, नेफ्रॉन, न्यूरॉन, कातडीचे थर, डोळा, कान या आकृत्या न बघता काढता आल्याच पाहिजेत. रंगवत बसू नकोस. नावं आणि बाण अचूक हवेत.

हाडं शिकायला बोनसेटची वाट बघू नकोस, तुझ्या अंगात आख्खा सेट आहे. मनगटाची पल्स, कॉलरबोन, छातीच्या हाडावरचा दुसऱ्या बरगडीजवळचा उंचवटा, कमरेची कड हे सगळं स्वतःच्या अंगावर चाचपून नाव घे. रूममेटच्या कोपराच्या खळग्यात मेडियन क्युबिटल व्हेन शोध. रक्त घेताना हीच शीर रोज शोधावी लागणार आहे. मनगटाच्या आठ हाडांना किंवा मेंदूच्या नसांना जोडवाक्यं खुशाल वापर, पण त्यांनी फक्त क्रम लक्षात राहतो. कोणती नस काय करते ते वेगळं शिकावं लागतं.

तू मराठी माध्यमातली, म्हणून इंग्रजीची धास्ती असणारच. आधी रूममेटला मराठीत समजावून सांग. जिथे अडखळशील तिथे समजलेलं नाही, इंग्रजीचा तिथे संबंध नाही. समजलं की तेच इंग्रजीत छोट्या वाक्यांत लिही. परीक्षकाला अलंकार नकोत. व्याख्या, जागा, रचना, रक्तपुरवठा, कार्य आणि शेवटी नर्सिंगमधला उपयोग, या मथळ्यांखाली नीट मांडलेलं उत्तर हवं. 75 गुणांच्या पेपरात 37 अ‍ॅनाटॉमीला आणि 38 फिजिओलॉजीला असतात, तेव्हा आवडता भाग लिहीत बसून दुसऱ्याचा वेळ खाऊ नकोस. जुने पेपर जरूर सोडव, घड्याळ लावून. ‘अपेक्षित’च्या भरवशावर मात्र अर्धा अभ्यास सोडू नकोस. पेपरात न आलेला अवयव घेऊनही पेशंट येतोच.

आणि जेवणाचं, झोपेचं. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण बसल्या जागी तो ऊर्जा खातो सुमारे 20 टक्के. उपाशीपोटी त्याच्याकडून काय काम करून घेणार? दिवसभर वाचलेलं झोपेतच पक्कं होतं, तेव्हा अकरानंतर दिवा बंद. मेसची भाजी आवडत नसेल तर वहिनी दाण्याची चटणी पाठवील, पण दोन वेळा पोटभर जेव.

शेवटचं एक सांगते. परीक्षा झाली की सिनिअर मुली सेकंडहँड पुस्तकं विकायला काढतात. तू रॉस अँड विल्सन विकू नकोस. तिसऱ्या सेमिस्टरला फार्मा, पॅथॉलॉजी आणि अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग एकदम येतील, आणि औषध कुठे काम करतं, आजार कुठे बिघाड करतो हे समजायला हेच पुस्तक पुन्हा उघडावं लागेल. समासात तुझ्या अक्षरात खाटेपाशीची उत्तरं लिहिलेली असतील, तर तेव्हा निम्मा वेळ वाचेल. आजच्या धड्यापासून समासात लिहायला लाग.

तुझी,
आत्या