डिकीत पाणी शिरते कोठून?

पावसाळ्यात मोटारीच्या डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात, कधीकधी पाणी साचते. खळग्याचा तळ तर शाबूत असतो. मग पाणी येते कोठून?

पेला कलता करून पाणी अगदी सावकाश ओतून पाहा. ते सरळ खाली न पडता पेल्याच्या बाहेरील अंगाने ओघळते. पाणी व काच यांच्यातील आसंजन बलाचा हा परिणाम. तसेच मागच्या दिव्याजवळील फटीतून शिरलेले पाणी पत्र्याच्या आतील बाजूला चिकटून ओघळते व सर्वांत सखल जागी साचते. म्हणजे पाणी शिरते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे! फट अगदी बारीक असली तरी पुरते. ०.५ मिमी अंतरावर उभ्या धरलेल्या दोन स्वच्छ काचांमध्ये पाणी केशाकर्षणाने सुमारे ३ सेमी वर चढते.

शोध असा घ्यावा. डिकी कोरडी करून आतील सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी. झाकण लावून नळीने बारीक धार सोडावी, पण खालून वर : आधी खालचे सांधे, मग दिवे, शेवटी झाकणाची रबरी पट्टी. वरून सुरुवात केल्यास ओघळाने सारेच सांधे भिजतात आणि दोष कोठे ते कळत नाही. प्रत्येक सांध्यानंतर झाकण उघडून पाहावे. पूड सर्वांत वर जेथे भिजली, तेथेच फट. (पाहण्यासाठी कोणालाही डिकीत बसवून झाकण लावू नये.)

दिव्यामागचे रबर चिरले असल्यास बदलावे. पत्र्याचा सांधा पूर्ण वाळवून मगच सीलंट भरावे. नुसते पाणी पुसत राहिल्यास पत्रा आतून गंजत जातो.

विचार करा : खिडकीवरील छज्ज्याच्या खालच्या बाजूस, कडेजवळ खाच का ठेवतात?