सांगून जा, सटकू नका

आईबाबांनो,

रविवारी पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचायला उभे राहतात आणि नेमका तेव्हाच मागच्या बाकावर कुणाचा तरी तान्हा टाहो फोडतो. त्याची आई ओशाळते, त्याला उचलून व्हरांड्यात जाते आणि आशीर्वाद होईपर्यंत तिथेच येरझाऱ्या घालते. बाळंतपणानंतर कितीतरी महिने धड एक उपदेश कानी पडलेला नाही, अशा आया आपल्या मंडळीत आहेत. उपासनेच्या वेळेपुरतं पाळणाघर आम्ही चालवतो ते त्यांच्यासाठी. लेकरांच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून नव्हे. लोक बाळकांना येशूजवळ आणत होते तेव्हा तो रागावला तो त्यांना दटावणाऱ्या शिष्यांवर. मार्काच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात हे आहे. जानेवारी 2017 मध्ये सिस्टाइन चॅपेलमधल्या बाप्तिस्म्याच्या वेळी पोप फ्रान्सिस यांनी तर, बाळं भुकेली असतील तर इथेच बिनधास्त पाजा, असं आयांना सांगितलं होतं. तेव्हा बाळाला मांडीवर घेऊन आत बसायचं असेल तर खुशाल बसा.

आमच्याकडे सोपवणार असाल, तर मात्र एक कळकळीची विनंती आहे. गुपचूप सटकू नका.

आठ-नऊ महिन्यांचं झालं की आई नजरेआड होताच मूल कावरंबावरं होतं. दीड वर्षापर्यंत हे जोरात असतं आणि ते अगदी स्वाभाविक आहे. त्याला खेळण्यात गुंतवून तुम्ही मागच्या मागे निघालात, तर त्या दिवशीचं रडणं टळेलही. पण पुढच्या रविवारी ते दारातच गळ्याला मिठी मारतं. आपली पाठ वळली की आई जाते, हे त्याने ओळखलेलं असतं. त्यापेक्षा डोळ्यांत बघून सांगा, "गाणी म्हणून येते, तू मावशीजवळ बस." पापा घ्या आणि निघा. दारात घुटमळू नका. रडेल थोडा वेळ. परवा एक पिल्लू असंच कडीकडे बघत हुंदके देत होतं. तेवढ्यात भिंतीपलीकडे पेटी सुरू झाली, कवी ना. वा. टिळकांचं भजन लागलं आणि मांडीवर बसल्या बसल्या त्याने टाळ्यांचा ठेका धरला. पहिल्या रविवारी तुम्ही सोबत बसा, दुसऱ्या रविवारी गीतांपुरते जा, उपदेशाचं पुढे बघू.

खोलीत कायम दोन मोठी माणसं असतात, एकटं कुणी नसतं, आणि दार उघडं असतं. मूल ज्याने आणून सोडलं त्याच्याच हाती देतो. आजी किंवा काका घ्यायला येणार असतील तर आधी सांगा, नाहीतर आम्ही देणार नाही. त्याचा राग मानू नका. पिशवीत शेंगदाणे, चिक्की, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात. ताप किंवा जुलाब असतील तर बाळाला त्या दिवशी घरीच राहू द्या.

आणि बाबांनो, मुलाला सोडायला आणि न्यायला तुम्हीही या. ते रडलं तर आतून बोलावणं नेहमी आईलाच का जावं?

शेवटच्या गीताच्या वेळी बाळाला घेऊन मंडळीत परत या, आशीर्वाद त्यालाही मिळू द्या. येत्या रविवारी थोडं लवकर या. खोली उघडून आम्ही वाट बघतो.