टेंभुर्णी कोणती खरी?

प्रश्न : आमच्या गावाच्याच नावाचे झाड म्हणजे विडीचा तेंदू, असे वडील सांगतात. कोकणातले पाहुणे मात्र ओढ्याकाठच्या एका सदाहरित, डेरेदार झाडाला टेंभुर्णी म्हणतात. पुस्तकांत शास्त्रीय नावेही दोन-तीन सापडतात. खरी टेंभुर्णी कोणती?
– एक वाचक, टेंभुर्णी (जि. सोलापूर)

उत्तर : वडिलांचे बरोबर आहे आणि पाहुण्यांचेही. झाडे दोन आहेत, पण एकाच प्रजातीतली.

विडीच्या पानाची टेंभुर्णी म्हणजे डायोस्पायरॉस मेलॅनॉक्झायलॉन. ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात १७९५ साली तिचे वर्णन केले. नावाचा अर्थ ‘काळ्या लाकडाचे’. जुन्या झाडाचा गाभा खरोखरच काळा असतो. हे पानगळीच्या, कोरड्या रानातले झाड. पाहुण्यांचे झाड डायोस्पायरॉस मलबारिका, म्हणजे गाब. त्याची पाने गुळगुळीत, चकचकीत. फळाचा चिकट रस होड्यांना आणि मासेमारीच्या जाळ्यांना लावत.

आता पुस्तकांचा घोळ. तेंदूचे पान फार लहरी. कोवळे असताना लवदार, जून झाले की वरून गुळगुळीत. मुळांतून फुटलेल्या धुमाऱ्याचे वेगळे, मोठ्या झाडाचे वेगळे. जास्त लवदार नमुन्यांना ‘टोमेंटोझा’ म्हणून निराळी जाती ठरवले गेले. अनेक अभ्यासक आता ते मेलॅनॉक्झायलॉनचेच रूप मानतात, आणि मला ते पटते. दोन नावे एकाच जातीची ठरली की आधी रीतसर प्रसिद्ध झालेले टिकते, म्हणून १७९५चे नाव कायम. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांचे यावाचून काही अडलेले नाही, हेही खरे!

जाता जाता : विडीला आपट्याचे पानही वापरतात, पण आपटा शिंबावंत कुळातला. टेंभुर्णीचे कूळ एबेनेसी, आबनुसाचे. जपानी फळ म्हणून बाजारात येणारे पर्सिमॉनही तिच्याच प्रजातीतले. फळ हातात घेऊन पाहा, देठाशी पाकळ्यांसारखा निदलपुंज चिकटून राहिलेला दिसेल. ती या प्रजातीची ढोबळ खूण. जात ओळखायला पानेही पाहावी लागतील.

आणि तुमच्याकडच्या झाडाला फुले येऊनही कधीच फळ धरत नसेल, तर ते बहुधा नर असेल. टेंभुर्णीत नर-मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर फुले झुबक्याने, मादी फूल बहुतेक एकटे.