हिंडण्याफिरण्याचे पैसे

मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. मिरजेत वाढले, डाव्या पायात कॅलिपर घालून शाळा-कॉलेज केलं, लग्न होऊन इंग्लंडला आले आणि पन्नाशी जवळ आली तेव्हा पोलिओनं पुन्हा डोकं वर काढलं. ज्या स्नायूंनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या वाटचंही काम केलेलं असतं, ते उतारवयात थकत जातात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. कॅलिपर सुटलं, व्हीलचेअर आली. गाडी मात्र मी अजून स्वतः चालवते. ती 'मोटॅबिलिटी' योजनेतून भाड्यानं घेतलेली आहे. या योजनेवरून २०२५ सालात ब्रिटनमध्ये जो गदारोळ झाला, त्यात आमच्यासारख्यांविषयी खूप बोललं गेलं. माझ्या पदरी जे पडलं ते सांगते.

१. गाडी सरकार देत नाही.

मिरजेहून मामांचा फोन येतो, "काय गं, सरकारनं तुला गाडी दिली म्हणे?" इथल्या गणेशोत्सवात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही कुणी ना कुणी हेच विचारतं. म्हणून आधी हिशेब सांगते. ब्रिटनमध्ये अपंग माणसाला 'पीआयपी' नावाचा भत्ता मिळू शकतो. तो नोकरी करतो की नाही, त्याचं उत्पन्न किती, याच्याशी भत्त्याचा संबंध नाही. भत्त्याचे दोन भाग असतात, एक रोजच्या जगण्यासाठी आणि दुसरा हिंडण्याफिरण्यासाठी. या दुसऱ्या भागाचा वरचा दर २०२५-२६ साली आठवड्याला ७७ पौंड ५ पेन्स होता. तो ज्याला मिळतो त्यानं टॅक्सीला घालावा, स्वतःची गाडी घेऊन तिच्या पेट्रोलला घालावा, नाहीतर थेट मोटॅबिलिटीकडे वळवून साधारण तीन वर्षांसाठी गाडी भाड्यानं घ्यावी. विमा, सर्व्हिसिंग, टायर, रस्त्यात बंद पडली तर मदत, हे सगळं भाड्यात येतं. पेट्रोल आपलं. भत्त्यात न बसणारी गाडी हवी असेल तर वरची रक्कम सुरुवातीलाच खिशातून भरायची, आणि ती परत मिळत नाही. मुदत संपली की गाडी परत जाते.

यात सरकारचा पैसा नाही असं मी म्हणत नाही. भत्ता लोकांच्या करातून येतो, आणि गाडीच्या आठवड्याच्या भाड्यावर व्हॅट लागत नाही. पण भत्ता एकदा मंजूर झाला की तो माझा आहे, आणि गाडी मी त्या पैशांतून घेते. गाडी घेतली नाही तरी सरकारला तेवढेच पैसे मला द्यावे लागतील, हे निम्म्याहून अधिक चर्चेत कुणी सांगतच नाही.

२. आधी काय होतं ते माहीत असावं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन सरकार अपंगांना खरोखरच फुकट गाडी देत असे. फिकट निळ्या रंगाची, तीन चाकांची, एकाच माणसाची. तिचं नाव इनव्हाकार. बर्ट ग्रीव्हज नावाच्या इंजिनिअरनं नात्यातल्या एका अपंग भावासाठी मोटार लावलेली खुर्ची तयार केली, त्यातून ही कंपनी उभी राहिली. कल्पना चांगलीच होती. पण गाडीत दुसऱ्याला बसवायला बंदी होती. आई असेल तर तिनं लेकराला घरी ठेवून जायचं. नवरा-बायको दोघांनी एकत्र कुठे जायचं नाही. वाऱ्यात ती डगमगायची. आणि ज्याला चालवताच येत नाही, म्हणजे अंध माणूस किंवा लहान मूल, त्याच्या वाट्याला काहीच नव्हतं.

अपंगांच्या संघटना यासाठी वर्षानुवर्षं भांडल्या. १९७६ साली गाडीऐवजी रोख भत्ता सुरू झाला, चालवता न येणाऱ्यांनाही. तेवढ्या पैशांत गाडी परवडत नाही हे लगेच दिसलं, म्हणून १९७७ साली अपंगांसाठीचे ब्रिटनचे पहिले मंत्री आल्फ मॉरिस यांच्या काळात लॉर्ड गुडमन आणि जेफ्री स्टर्लिंग यांनी मोटॅबिलिटी उभी केली. अनेकांचे भत्ते एकत्र आले की गाड्यांची घाऊक खरेदी होते, बँका पैसे घालतात आणि मुदतीनंतर गाडी विकून रक्कम वसूल होते, एवढंच तिचं गणित. शेवटच्या निळ्या तीनचाकी २००३ साली रस्त्यावरून काढल्या गेल्या. 'सगळ्या अपंगांना एकच साधी गाडी द्या, निवड कशाला हवी' असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखाद्या संग्रहालयात जाऊन ती गाडी बघावी. तिच्या एकुलत्या सीटवर बसून बघता आलं तर फारच उत्तम.

३. वीस मीटरची रेघ.

गाडीचा प्रश्न भत्त्यावर अडतो आणि भत्ता गुणांवर. वरचा दर मिळायला १२ गुण लागतात. २०१३ साली जुन्या भत्त्याच्या जागी पीआयपी आलं, तेव्हा चालण्याच्या कसोटीतलं अंतर ५० मीटरवरून २० मीटरवर आणलं गेलं. दोन एसटी एकामागे एक उभ्या केल्या की होतं तेवढं ते अंतर. तेवढ्याच्या पुढे चालता येतं असं ठरलं, तर बहुतेकांची गाडीची आशा तिथेच संपते. जुन्या भत्त्यावरून नव्यावर येताना हजारो लोकांच्या गाड्या परत गेल्या. त्यांतले बरेच जण त्याच गाडीनं कामावर जात होते.

माझा पहिला अर्ज नामंजूर झाला. तेव्हा मी अजून कॅलिपर लावून चालत होते. तपासणीला आलेल्या व्यक्तीनं लिहिलं की बाई खुर्चीपासून दारापर्यंत आरामात चालत गेल्या. परत येताना भिंतीचा आधार घेतला होता, ते लिहिलं नाही. मी फेरविचार मागितला, तोही फेटाळला गेला, मग न्यायाधिकरणात गेले. तिथे मला विचारलं गेलं ते योग्यच होतं: तुम्ही हे अंतर सुरक्षितपणे चालू शकता का, पुन्हा पुन्हा चालू शकता का, आणि वाजवी वेळात चालू शकता का? नियमांतच तसं लिहिलेलं आहे. एकदा चालता येणं पुरेसं नाही. सुनावणीपर्यंत जाणाऱ्या पीआयपीच्या दाव्यांपैकी निम्म्याहून अधिक अर्जदाराच्या बाजूनं लागतात. जे तिथपर्यंत जाण्याआधीच थकून सोडून देतात, त्यांचा आकडा या हिशेबात कुठे येत नाही.

म्हणून अर्ज भरताना चांगला दिवस लिहू नका. आपल्याकडे विचारणाऱ्याला 'बरं आहे' म्हणायची सवय असते. त्या कागदावर 'बरं आहे' लिहायचं नसतं.

४. बॉनेटवरच्या बिल्ल्याचं भांडण.

या योजनेत आज आठ लाखांहून अधिक गाड्या आहेत. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दर पाच नव्या गाड्यांतली जवळपास एक इथे येते. एवढ्या मोठ्या गोष्टीवर प्रश्न विचारले जाणारच, आणि विचारावेत. पण २०२५ साली विचारला गेला तो प्रश्न एकच होता: यांना बीएमडब्ल्यू कशाला? समाजमाध्यमांवर यादीच फिरत होती की अमुक आजाराला गाडी, तमुक आजाराला गाडी. गाडी आजाराच्या नावावर मिळत नाही. त्या आजारानं माणसाच्या हिंडण्याफिरण्याचं काय केलं आहे, यावर मिळते. पीआयपीत किती फसवणूक होते याचा सरकारचा स्वतःचा २०२३-२४ सालचा अंदाज एका टक्क्याच्याही खाली आहे. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर तो कधी आला नाही.

२५ नोव्हेंबर २०२५ला बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस आणि अल्फा रोमिओ या गाड्या योजनेतून काढल्याचं जाहीर झालं. दुसऱ्या दिवशी अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांच्या अर्थसंकल्पात जुलै २०२६पासून वरच्या रकमेवर २० टक्के व्हॅट आणि विम्यावरचा कर लागू करण्याचं ठरलं. महागड्या गाड्या गेल्या याचं मला दुःख नाही; माझी कधीच तशी नव्हती, आणि जे घेत होते ते वरचा पैसा स्वतःचा घालत होते. दुःख कराचं आहे. व्हीलचेअर किंवा स्ट्रेचरवरच्या माणसासाठी मुळातून बदललेल्या गाड्या त्यातून वगळल्या, हे योग्य झालं. पण ज्याला संधिवातामुळे खाली वाकून बसता येत नाही, ज्याच्याबरोबर ऑक्सिजनचं यंत्र असतं, ज्या आईला स्वमग्न मुलाशेजारी मागे मोकळी जागा लागते, ही सगळी माणसं उंच, मोठी गाडी हौसेनं घेत नाहीत. वरची रक्कम भरावी लागते ती बहुधा यांनाच, आणि कर त्याच रकमेवर बसणार आहे. बिल्ल्यावर राग काढला गेला आणि तो भरणार पाठदुखीचा माणूस. हा निर्णय चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. सगळं डोळ्यांना दिसत नाही.

मी व्हीलचेअर काढते, त्यामुळे पार्किंगमध्ये मला कुणी काही बोलत नाही. माझ्या एका मैत्रिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. सकाळी ती चालत उतरते, आणि अनोळखी माणसं तिला खडसावतात. न दिसणाऱ्या अपंगत्वालाही पार्किंगचा निळा बिल्ला मिळावा असा नियम इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१९मध्ये झाला. नियम पुढे गेला, माणसं अजून यायची आहेत.

६. व्यवस्थापनाला जाब विचारावा.

योजनेची बाजू घेणं म्हणजे तिच्या चालकांची बाजू घेणं नव्हे. २०१८ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपनीचे हिशेब तपासले. गरजेपेक्षा कितीतरी अधिक गंगाजळी साठली होती आणि मुख्य अधिकाऱ्याचा पगार-बोनस लाखो पौंडांत गेला होता. त्यावर टीका झाली आणि त्या अधिकाऱ्यानं पद सोडलं. तसे प्रश्न दरवर्षी विचारा. साठलेला पैसा आमच्या भत्त्यातून साठलेला असतो.

७. हातानं चालवलेली गाडी.

माझ्या स्टिअरिंगशेजारी एक दांडा आहे. पुढे ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. स्टिअरिंगला गोळा लावलेला आहे, एका हातानं वळवायला. शिकायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की पायांची आठवणही येत नाही. अशा बऱ्याच सोयी या योजनेत वेगळे पैसे न घेता बसवून मिळतात, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. गाडी निवडण्याआधी त्या विचारा, कारण नंतर बसवणं कटकटीचं होतं. आणि शोरूममध्ये स्वतःची व्हीलचेअर घेऊन जा. डिकीत ती जाते का, ती उचलून ठेवणाऱ्याची कंबर धरते का, हे तिथेच कळतं.

'बस-रेल्वे आहे की' असं म्हणणाऱ्यांसाठी: लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकी रस्त्यापासून फलाटापर्यंत पायऱ्यांशिवाय जाता येईल अशी साधारण एक तृतीयांश आहेत. मी लंडनबाहेर राहते. इथे तर तेही नाही.

८. कराची सवलत आणि हातातला पैसा.

मिरजेतल्या माझ्या वयाच्या पोलिओवाल्या मैत्रिणी बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरवर फिरतात. भारतात अस्थिव्यंगाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल तर अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र घेऊन लहान गाडीवर २८ऐवजी १८ टक्के जीएसटी भरता येत असे. सप्टेंबर २०२५मध्ये लहान गाड्यांवरचा कर सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला, आणि त्या सवलतीला अर्थ उरला नाही. तशीही ती कुणाच्या उपयोगाची होती? ज्याच्याकडे गाडी घ्यायला पैसे आहेत त्याच्या. बाहेर पडायला रोज रिक्षाला पैसे मोजणाऱ्या बाईला तिचा काडीचा उपयोग नव्हता. २०१६च्या कायद्यानं आपण २१ प्रकारचं अपंगत्व मान्य केलं. हिंडण्याफिरण्याचा वेगळा, रोख भत्ता मात्र अजून कुणी मागतानाही दिसत नाही. ब्रिटनकडून घेण्यासारखं काही असेल तर ते हे आहे. गाड्यांची योजना नंतरची गोष्ट.

९. वयाची अट.

हे शेवटी लिहिते, कारण लोकांना ते फार उशिरा कळतं. हिंडण्याफिरण्याचा भत्ता पेन्शनच्या वयानंतर नव्यानं मागता येत नाही. हे वय आजवर ६६ होतं, आणि २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्यानं ६७ होतं आहे. आधीपासून मिळत असेल तर तो पुढे चालू राहू शकतो. पण त्या वयानंतर पहिल्यांदा अपंगत्व आलं तर मिळतो तो वेगळा भत्ता, आणि त्यात हिंडण्याफिरण्याचा भागच नाही. म्हणजे ६४व्या वर्षी अर्धांगवायू झालेल्याला गाडीचा मार्ग आहे, ७०व्या वर्षी झालेल्याला नाही. स्कॉटलंडमध्ये भत्त्यांची नावं वेगळी आहेत, पण वयाची ही अट तिथेही आहे. बीएमडब्ल्यूवर जेवढे तास बोललं गेलं, त्यातला एक तास जरी या अन्यायावर कुणी बोललं असतं, तर बरं झालं असतं.

आपल्या लोकांसाठी आणखी एक अट आहे. व्हिसावर 'सार्वजनिक निधीवर हक्क नाही' असं लिहिलेलं असेल, तर कायमचं वास्तव्य मिळेपर्यंत हा भत्ता मागता येत नाही. मीही ते मिळेपर्यंत थांबले होते. त्यामुळे उशिरा इथे आलेल्यांच्या हातात वर्षं थोडीच उरतात. तुमच्या ओळखीत असं कुणी साठीच्या आसपास असेल, चालताना थांबून धाप टाकत असेल आणि 'वय झालं, चालायचंच' म्हणत असेल, तर त्यांना अर्ज याच महिन्यात भरायला लावा. आणि नकार आला तर न्यायाधिकरणापर्यंत त्यांच्याबरोबर जा.