'फील्ड' म्हणजे वावरच!



'फील्ड म्हणजे काय?' असं विचारलं की शेवगावकडचं मूल पटकन म्हणतं, 'वावर!' पुस्तकात 'शेत' छापलेलं असतं, म्हणून आपण उत्तर खोडतो. तसं करू नका. प्रमाण मराठीत 'वावर' म्हणजे ये-जा, हालचाल. पण आपल्याकडे वावर म्हणजे शेतच. मुलाला अर्थ कळलेला आहे. तो मान्य करा आणि शेजारी 'शेत' लिहून द्या. एकदा खोडलं की ते मूल पुढच्या वेळी बोलतच नाही.

जवळचे शब्द :
१) फार्म – विहीर, गोठ्यासह सगळी शेती. फील्ड हा तिचा एक तुकडा. कपाशीचं वावर म्हणजे कॉटन फील्ड.
२) मेडो – गवताचं कुरण.
३) ग्राउंड – मैदान. खेळाच्या मैदानाला प्लेइंग फील्डही म्हणतात.

इतर वापर :
मॅग्नेटिक फील्ड – चुंबकीय क्षेत्र.
फील्ड ट्रिप – क्षेत्रभेट.
'ताई कोणत्या फील्डमध्ये आहे?' – इथे कामाचं क्षेत्र.

आज घरी हे वाक्य करून घ्या : 'आई वावरात गेली.' – 'मदर हॅज गॉन टू द फील्ड.' शब्द घरचा असला की इंग्रजी परकी वाटत नाही.