खाण तशी माती? : व्यसनाचा वारसा, वाढत्या वयाचा मेंदू आणि शिक्षक



‘खाण तशी माती’ ही म्हण आपण भाषेच्या तासाला शिकवितो. तिचा एक दुरुपयोगही आपल्या परिचयाचा आहे. सातवीतला एखादा मुलगा मधल्या सुट्टीत शाळेच्या भिंतीआड तंबाखू मळताना सापडतो. त्याचा बाप दारूपायी गावात बदनाम झालेला असतो. मग शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी ही म्हण उच्चारतो आणि त्या मुलाचा निकाल तेथेच लागतो. पुढे त्याच्याशी बोलण्याचे, त्याच्या घरी जाण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

ही म्हण व्यसनाच्या बाबतीत कितपत खरी आहे? मुलाला बापाकडून नेमके काय मिळते? आणि जे मिळते त्यावर शाळेचा काही इलाज चालतो काय? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. मेंदूतील तीन ठिकाणे

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. कवच फोडून अख्खा काढलेला अक्रोडाचा गर डोळ्यांपुढे आणावा. तसेच दोन अर्ध आणि तशाच वळ्या. आपल्या विषयापुरती या मेंदूतील तीन ठिकाणे लक्षात ठेवली म्हणजे पुरे.

पहिले ठिकाण मेंदूच्या खोल भागात आहे. भुकेल्याला घास मिळाला, खेळात डाव जिंकला, गुरुजींनी पाठ थोपटली, की तेथे डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते आणि ‘हे पुन्हा कर’ अशी खूण मनात उमटते. कॅनडातील मॅक्गिल विद्यापीठात १९५४ साली ओल्ड्स व मिल्नर या दोघा संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवून एक प्रयोग केला. दांडी दाबली की तारेतून विजेचा सौम्य धक्का मेंदूच्या विशिष्ट जागी बसे. त्यासाठी उंदीर तासाला शेकडो वेळा ती दांडी दाबू लागले! तंबाखू, दारू, गांजा, गर्द हे पदार्थ याच वाटेने आत शिरतात. ते वरचेवर घेतले, की साध्या आनंदाची चव फिकी पडते व त्या पदार्थाची ओढ तेवढी उरते. व्यसन म्हणतात ते हेच.

दुसरे ठिकाण कानशिलाच्या आतल्या बाजूस आहे. त्याचा आकार बदामासारखा असून त्यास अमिग्डला असे नाव आहे. भय, संताप, समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव ओळखणे, यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे कपाळामागचा ललाटखंड. परिणामांचा विचार करणे, मोह आवरणे, ‘आज नको, उद्या’ असे स्वतःस बजावणे, ही कामे मुख्यतः तेथे चालतात.

२. वाढीचा क्रम

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकाराने प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे नऊदशांश झालेला असतो. त्यामुळे त्याची वाढ बालपणीच आटोपते, असा समज पुष्कळ काळ होता. परंतु त्याच मुलांच्या मेंदूची चुंबकीय छायाचित्रे काही काही वर्षांनी पुन्हा घेण्याची सोय झाल्यावर, विशेषतः १९९० नंतर, निराळेच चित्र दिसले. वयात येण्याच्या काळात मेंदूची जणू द्राक्षबागेसारखी छाटणी होते. न वापरलेले जोड गळून पडतात, वापरातले जोड दृढ होतात. ही घडण मागून पुढे सरकत जाते आणि ललाटखंडाची पाळी सर्वांत शेवटी येते. ती पुरी होण्यास वयाची पंचविशी उजाडते.

सुखाची ओढ आणि भावनांचा वेग मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोर धरतो. गाडीस तरणे खोंड जुंपले आहेत, पण कासरा धरणारा अजून शिकाऊ आहे, अशी ही अवस्था. सवंगड्यांच्या देखत मुलगा जे धाडस करतो ते एकटा असता करीत नाही, याचेही कारण बरेचसे येथेच आहे. या वयातील अविचार हा नेहमीच दुष्टपणा नसतो. पुष्कळदा तो अपुऱ्या वाढीचा परिणाम असतो.

३. वारशाने काय येते?

आता म्हणीकडे वळू. डेन्मार्कमध्ये डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली एक पाहणी १९७३ साली प्रसिद्ध झाली. जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत आईबापांपासून दूर होऊन परक्या घरी दत्तक गेलेल्या पुरुषांची त्यांनी तपासणी केली. ज्यांच्या जन्मदात्यांपैकी एकास दारूचे व्यसन होते अशा ५५ जणांपैकी १० जण दारूच्या आहारी गेलेले आढळले. इतर ७८ जणांत असे फक्त ४ होते. घर बदलले, तरी धोका सुमारे चौपट राहिला. म्हणजे वारसा आहे, हे कबूल केलेच पाहिजे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरूनही असे दिसते, की दारूच्या व्यसनाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक पडतो, त्याचा सुमारे अर्धा भाग जनुकांमुळे असतो.

पण तेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचावेत. ५५ पैकी ४५ जण तपासणीच्या वेळेपर्यंत दारूच्या आहारी गेले नव्हते! खाण तीच, पण बहुतेकांची माती निराळी निघाली.

याचे कारण असे, की ‘दारूचे जनुक’ म्हणून एकच एक जनुक नसते. अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार लागतो. कोणाचे शरीर दारू कशी पचविते हे त्यांवर ठरते, कोणाचा स्वभाव किती उतावळा, किती नवलाईच्या मागे धावणारा, हेही काही अंशी ठरते. वारसा कधी संरक्षकही असतो. पूर्व आशियातील अनेक लोकांना जन्मतः दारू सोसत नाही, तोंड लालबुंद होऊन मळमळू लागते. साहजिकच त्यांच्यात व्यसनाचे प्रमाण कमी आढळते.

मेंदूच्या रचनेतही काही फरक दिसले आहेत. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठातील शर्ली हिल यांनी, घरात अनेकांना दारूचे व्यसन असलेल्या कुटुंबांतील किशोरांचा अभ्यास केला. त्यांचा उजवीकडील अमिग्डला सरासरीने लहान असल्याचे त्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. तसेच अमेरिकेतील सुमारे १०,००० मुलांच्या पाहणीत, जी मुले पंधराव्या वर्षाच्या आत दारू, तंबाखू किंवा गांजाकडे वळली, त्यांच्या ललाटखंडाची बाहेरची साल किंचित पातळ होती, असे २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. असे अनेक फरक व्यसनाला हात लावण्यापूर्वीच दिसत होते.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. हे सर्व समूहाच्या सरासरीचे फरक आहेत. एका मुलाच्या मेंदूचे छायाचित्र पाहून ‘हा व्यसनी होणार’ असे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. शिवाय घरातील भीती, मारझोड, उपासमार, गरोदरपणी आईने घेतलेली दारू किंवा तंबाखू, यांचाही मेंदूच्या घडणीवर परिणाम होतो. मेंदूत फरक दिसला म्हणजे तो जनुकांमुळेच, असे म्हणता येत नाही. मग चेहरा पाहून आपण तसा निकाल कशाच्या आधारे देतो?

४. पुण्याचा अनुभव

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दच्या व्यसनाने तरुण मुलांना वेढले. पत्रकार व लेखक डॉ. अनिल अवचट यांनी त्याविषयी लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांनी पाठबळ दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. अनिताबाई १९९७ साली व अनिल अवचट २०२२ साली निवर्तले, पण केंद्राचे काम चालू आहे.

या कामामागील मुख्य विचार शिक्षकांनी मनात धरण्याजोगा आहे. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस तिरस्करणीय नाही, आणि उपचार एकट्या रुग्णाचा नव्हे, तर घराचाही करावा लागतो. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तेथे इतरांना हात देतात. ज्याला गावाने टाकून दिले तो बापही सुधारू शकतो, हे एकदा पटले म्हणजे त्याच्या निष्पाप मुलास टाकून देण्याचे धारिष्ट आपणांस होणार नाही.

५. शिक्षकाने काय करावे?

(अ) पहिला प्रसंग लांबविणे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीवरून १९९७ साली असे मांडले गेले, की पंधरा वर्षांच्या आत दारू सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक पुढे कधी ना कधी तिच्या अधीन झाले. विशीनंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. लवकर सुरुवात करणाऱ्यांचा स्वभाव मुळातच उतावळा असू शकतो, म्हणून सगळा दोष वयाचा नव्हे. तरी धोक्याच्या वर्षांत पहिला घोट व पहिली पुडी दूर ठेवणे हिताचे, यात शंका नाही. भारतात २०१९ साली झालेल्या शालेय पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरताना आढळली. ही मुले आपल्याच वर्गातून नुकतीच पुढे गेलेली असतात.

(आ) घरातील वाट ओळखणे. दात घासण्यासाठी म्हणून हाती आलेली मिश्री ही तंबाखूच आहे, हे आईला व आजीला सांगावे. मुलाला पुडी किंवा बाटली आणावयास धाडू नये, हे पालकसभेत स्पष्टपणे बोलावे.

(इ) कायद्याचे साहाय्य घेणे. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास, तसेच अठरा वर्षांखालील मुलास ती विकण्यास मनाई आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. बालन्याय कायदा, २०१५ प्रमाणे मुलास मादक पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

(ई) मुलाचा मान राखणे. वर्गात ‘कोणाच्या घरी दारू पितात?’ असे कधीही विचारू नये. मुलादेखत बापाची निंदा करू नये. बोलावयाचे ते एकांतात व शांतपणे. घरी मदत हवी असल्यास १४४४६ हा व्यसनमुक्तीचा विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक द्यावा.

(उ) दुसरा आनंद देणे. खो-खो, लेझीम, भजनातील टाळ, शाळेची बाग, भिंतीवर लावलेले मुलाचे चित्र, या सर्वांची खूण मेंदूत त्याच ठिकाणी उमटते. ज्याच्या घरी कौतुक नाही, त्याला ते शाळेत दुप्पट मिळाले पाहिजे.

(ऊ) आणि शेवटी, आपल्या स्वतःच्या खिशात तंबाखूची चंची असेल, तर वरील पाचही गोष्टी व्यर्थ होत.

६. पाठाचे टाचण (इयत्ता सहावी व सातवी)

साहित्य : अख्खा सोललेला अक्रोड, फळा, रंगीत खडू.

प्रस्तावना : ‘चिमणी भुर्र’ हा खेळ घ्यावा. चिमणी, कावळा, पोपट असे म्हणत मध्येच भरभर ‘म्हैस भुर्र’ म्हणावे. पुष्कळांची बोटे वर जातील व हशा पिकेल. मग विचारावे, ‘म्हैस उडत नाही हे ठाऊक असूनही बोट का उचलले?’

विषयविवेचन : अक्रोड दाखवून मेंदूची आकृती काढावी व वरील तीन ठिकाणे रंगवावीत. बोट उचलणारा वेग आधी येतो, आवरणारा भाग नंतर पिकतो, हे खेळावरून समजावून द्यावे. तोच खेळ पुन्हा सावकाश घ्यावा. चुका कमी झाल्या, की ‘आवरणे सरावाने जमते’ हे वाक्य मुलांकडूनच काढून घ्यावे.

उपयोजन : मित्राने पुडी पुढे केली तर काय म्हणाल? प्रत्येकाने आपले एक वाक्य तयार करून मोठ्याने म्हणावे.

हलक्या रानाचा शेतकरी जमिनीला दोष देत बसत नाही. तिचा कस ओळखून तो दोन गाड्या शेणखत जास्त टाकतो आणि पाण्याची पाळी चुकू देत नाही. बापाचे व्यसन ठाऊक असणे हे शिक्षकाला एवढ्याचसाठी उपयोगाचे आहे : कोणत्या मुलाकडे लवकर आणि जास्त लक्ष द्यावयाचे, हे कळण्यासाठी.