दिराची गाडी मागण्याआधी

अगं, येळवशीला दिराची गाडी घेऊन नांदेडहून लातूरला जायचं म्हणतेस, तर जरूर जा. तुझा हात चांगला बसलाय, लोहा-अहमदपूर-चाकूरचा रस्ता पायाखालचा आहे, आणि शेतात आंबील-भज्जी खायला सगळ्यांनी मिळून जाण्याची मजा मी कशाला मोडू? फक्त किल्ली हातात घ्यायच्या आधी विम्याचं नीट ऐकून घे. "फुल इन्शुरन्स आहे वहिनी, काळजी करू नका," असं भाऊजी म्हणतील. ते खरंही असेल. पण त्या "फुल"मध्ये तू कुठे बसतेस, हे कुणी सांगत नाही.

आपल्याकडे विमा गाडीचा असतो, माणसाचा नाही. मालकाच्या परवानगीने, चालू लायसन असलेल्या कुणीही ती गाडी चालवली तरी विमा लागू राहतो. पॉलिसीवर तुझं नाव असायची गरज नाही. उद्या रस्त्यावर कुणाला धक्का लागला, तर त्या माणसाची भरपाई थर्ड पार्टी विम्यातून होते. जीव गेला किंवा इजा झाली तर त्या रकमेला वरची मर्यादा नाही. कुणाच्या टपरीचं, भिंतीचं नुकसान झालं तर साडेसात लाखांपर्यंत. इथवर निर्धास्त राहा.

आता तुझं बोलू. अपघात झाला, दुसऱ्या कुणाची चूक नव्हती, आणि स्टिअरिंगवर तू होतीस. तर तुझ्या लेकरांना त्या पॉलिसीतून जवळपास काहीच मिळत नाही. मालकासाठी 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, 2018 पासून तो 15 लाखांचा झाला. पण तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्या मालकाचा. भाऊजींचा. तुझ्या स्कूटीबरोबर तू घेतलास तसाच. आणि स्कूटीचा तो विमा भाऊजींच्या गाडीत कामाला येईल असं धरून चालू नकोस. तो तुझ्या नावावरच्या गाडीपुरता असतो.

हे मी मनाचं सांगत नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं, इरकल साड्यांच्या इलकल गावाकडचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबली, हा जाऊन धडकला आणि गेला. घरच्यांनी त्याच मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे, चूक सिद्ध करावी न लागणाऱ्या कलमाखाली भरपाई मागितली. 2009 साली न्यायालय म्हणालं, गाडी मागून घेणारा मालकाच्या जागी येतो, आणि मालक स्वतःच्याच गाडीवर या कलमाखाली दावा लावू शकत नाही. 2020 मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात पुन्हा तेच झालं. अपघात 2006 चा, मागून घेतलेल्या मोटारसायकलवरचा. शेवटी पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात कलमापोटी एक लाख आणि व्याज एवढंच मंजूर झालं. त्या घरच्यांनी समोरच्या गाडीवर दावाच लावला नव्हता. हे मात्र पक्कं ध्यानात ठेव: चूक समोरच्याची असेल तर दावा समोरच्या गाडीवर आणि तिच्या विम्यावर लावायचा असतो.

येळवस येते ती ऐन गाळपाच्या हंगामात. अंधार पडल्यावर परतताना पुढे उसाची बैलगाडी किंवा मागे दिवा नसलेली ट्रॉली असते, हे तुला मी काय सांगू. म्हणून म्हणते, उजेडात निघ.

आणि स्वतःचा अपघात विमा घे. तो तुझ्या नावावर असतो, गाडी कुणाचीही असो. बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतलीस तर वर्षाला 20 रुपये कटतात आणि अपघाती मृत्यू झाल्यास घरच्यांना 2 लाख मिळतात. ते तर घ्यायचंच; पण दोन लेकरांच्या घराला 2 लाख किती दिवस पुरतील? सरल सुरक्षा विमा नावाची पॉलिसी अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत मिळते. तुझी कमाई बघून त्यातली एक घे.

मागच्या सीटवर सासूबाई, नणंद आणि लेकरं असतील. गाडीला नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर त्यांना त्यातून संरक्षण नाही आणि गाडीच्या नुकसानीलाही छदाम मिळत नाही. जुन्या गाड्यांना बरेच जण स्वस्त म्हणून तेवढाच काढतात. म्हणून पॉलिसीचा फोटो मागव. पॅकेज की नुसती थर्ड पार्टी, मुदत कधीपर्यंत, आणि आरसीवर नाव भाऊजींचंच आहे ना, एवढं बघ. जुनी गाडी घेऊन नाव न बदललेले कितीतरी जण आहेत. मग नुकसानीचा दावा अडतो. मुदत एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकूनही दिसते. कागद मागितला म्हणून भाऊजींना राग येणार नाही, आणि आला तरी चालेल.

पैशाचंही आधीच बोलून ठेव. घासलं, ठोकलं आणि क्लेम केला, तर त्यांचा नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत असतो. शिवाय क्लेममधून ठरावीक रक्कम कटते, प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात. ते कोण भरणार, हे नंतर ठरवताना नात्यात कडवटपणा येतो.

वाटेत भाच्याच्या हातात गाडी देऊ नकोस. तो सतरा वर्षांचा असेल तर मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो. अठरा झाले असतील पण लायसन नसेल, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन ते भाऊजींकडून वसूल करू शकते. आणि काही घडलंच तर "काका चालवत होते" असं सांगून माणूस बदलायचा नाही. गावोगाव हा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला गुन्हा आहे, आणि त्याने खरा क्लेमही बुडतो.

येळवस अजून लांब आहे. उद्याच आधार आणि पासबुक घेऊन बँकेत जा, 20 रुपयांचा फॉर्म भरून ये, आणि संध्याकाळी भाऊजींकडून पॉलिसीचा फोटो मागवून मला पाठव. आपण दोघी मिळून वाचू.